पापुद्रा

रोज सकाळी पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी मी एक काम न चुकता करते. नव्या पाकिटातून स्नेअर बाहेर काढते, त्याचा तारेचा फास पूर्ण उघडते आणि मग मूठ हळूहळू ओढत तो पुन्हा मिटवते. तारेचे टोक प्लास्टिकच्या नळीत नेमके ज्या क्षणी दिसेनासे होते, त्या क्षणी मी थांबते आणि मुठीच्या दांड्यावर मार्कर पेनने एक बारीक रेघ मारते. पुढे तासाभराने हाच फास कुणाच्या तरी आतड्यात एखाद्या वाढीभोवती आवळला जातो, तेव्हा माझा अंगठा त्या रेघेपासून किती लांब अडला आहे, यावरून फासात किती मांस आले आहे हे मला कळते. अंतर एक सेंटिमीटरहून कमी असेल तर बहुधा आतला पातळ थरच पकडला गेलेला असतो. अंतर जास्त असेल आणि हाताला रबरासारखा ताण लागत असेल, तर त्याखालचा स्नायूही ओढला गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी मी "सर, जास्त वाटतंय" एवढेच म्हणायचे आणि सरांनी तारेत वीज सोडणारे पायाखालचे पिवळे पेडल दाबायचे नाही, असे आमच्यात कित्येक वर्षांपासून ठरलेले आहे.

मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी कक्षात परिचारिका आहे. मोठ्या आतड्यात अवघड जागी किंवा अवघड आकाराने वाढलेले पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेल्या गाठीसारख्या वाढी, पोट न उघडता, दुर्बिणीतून काढण्याचे जे काम डॉक्टर करतात, त्यात दुसरे दोन हात माझे असतात. दुर्बीण सरांच्या हातात असते. सुईतले पाणी मी ढकलते, फास मी उघडते आणि मिटवते, क्लिप मी लावते. पडदा आम्ही दोघेही पाहत असतो, पण तारेचा ताण फक्त माझ्या बोटांना लागतो. या कामात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट लिहून ठेवावी असे वाटू लागले आहे. ती आमच्या हातांबद्दल जितकी आहे, त्याहून अधिक आमच्या आधी त्या वाढीला कोणाचा हात लागला, याबद्दल आहे.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक पॉलिप हा शब्द पहिल्यांदा डॉक्टरांच्याच तोंडून ऐकतात. तोपर्यंत त्यांच्या लेखी ते मोड असतात, कोंब असतात, नाहीतर नुसतीच ‘आत काहीतरी गाठ’ असते. शौचाला रक्त दिसले की आपल्याकडे मूळव्याधीखेरीज दुसरे काही मनात येत नाही; मग कुणी सुरण खातो, कुणी गावाकडून मोडावरचे औषध आणतो, आणि वर्ष-दोन वर्षे तशीच निघून जातात. चिकट पडू लागले तर ‘आव पडते’ म्हणून जुलाबाच्या गोळ्या सुरू होतात. सगळ्याच पॉलिपचा कर्करोग होत नाही, बहुतेकांचा होत नाही. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग जेव्हा होतो तेव्हा तो बहुतांशी अशाच एखाद्या वाढीतून, अनेक वर्षांच्या अवधीत, सावकाश घडत आलेला असतो. म्हणजे हा असा आजार आहे की जो होण्याआधी त्याच्या वाटेवर उभे राहून त्याला अडवता येते. अमेरिकेत ज्यांचे असे पॉलिप काढले गेले, त्या लोकांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यांच्यात अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी आढळले होते.

देठ असलेला पॉलिप काढणे सोपे असते. आळंबीसारखा तो आतड्याच्या पोकळीत लोंबत असतो, देठाला फास लावायचा, वीज सोडायची, काम झाले. अवघड असतात ते बिनदेठाचे, दोन सेंटिमीटरहून मोठे, आतड्याच्या भिंतीवर शेवाळासारखे आडवे पसरलेले. कधी ते एका वळीवरून दुसऱ्या वळीवर गेलेले असतात, कधी लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या झडपेवर चढलेले असतात, तर कधी अपेंडिक्सच्या तोंडाशी दडून बसलेले असतात. ब्रिटनमधील डॉक्टरांनी अशा वाढींना गुण देण्याची एक पद्धत बसवली आहे. तिच्यात आकार, ठेवण, जागा आणि दुर्बिणीची पोहोच या चार गोष्टी पाहून वाढीची चारपैकी एक पायरी ठरवतात. चौथी पायरी सर्वांत कठीण. आमच्या फळ्यावर रुग्णाच्या नावापुढे ‘४’ लिहिलेला असला की मी दुपारचा डबा उघडण्याची घाई करत नाही.

साठ वर्षांपूर्वी यातले काहीच शक्य नव्हते. गुदद्वारातून ताठ नळी जिथवर जाईल त्याच्या पलीकडचा पॉलिप काढायचा, तर पोट उघडून, आतडे चिरून तो काढावा लागे. न्यू यॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात काम करणारे जपानी शल्यविशारद हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये लवचिक दुर्बिणीतून तारेचा फास आत नेला, त्यात वीज सोडली आणि पॉलिप कापून बाहेर आणला. त्यांनी आणि विल्यम वुल्फ यांनी १९७३ मध्ये हे अनुभव प्रसिद्ध केले. मी रोज ज्या मुठीवर रेघ मारते, ती त्याच फासाची पुढची पिढी आहे.

मात्र देठ नसलेल्या, पसरट वाढीला नुसता फास पुरत नाही. इथे आतड्याच्या भिंतीची रचना समजून घ्यावी लागते. ही भिंत सगळी मिळून काही मिलिमीटर जाडीची, आणि उजवीकडे, आतड्याच्या सुरुवातीला, तर आणखीच पातळ. सर्वांत आत एक नाजूक थर असतो. पॉलिप त्याच थराचा असतो. सर्वांत बाहेर स्नायू आणि त्यावरचे आवरण. या दोहोंच्या मध्ये एक विरविरीत, कापसासारखा सैल थर असतो, ज्यातून रक्तवाहिन्या जातात आणि ज्याला डॉक्टर सबम्युकोसा म्हणतात. दुर्बिणीतून होणारी सगळी शस्त्रक्रिया या सैल थराच्या भरवशावर चालते. मला तो पहिल्यांदा नीट समजला तो सरांच्या चित्रावरून नव्हे, तर आईच्या चुलीवरून. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली की आतल्या वाफेने तिचा पापुद्रा खालच्या जाड थरापासून सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. आम्हीही तेच करतो, वाफेऐवजी पाण्याने. बारीक सुई वाढीच्या खाली त्या सैल थरात टोचायची आणि निळा रंग मिसळलेले सलाइन, किंवा अधिक वेळ टिकणारे दाट द्रावण, हळूहळू आत सोडायचे. सर म्हणतात, "सोडा... सोडा... उचलतेय... थोडं अजून," आणि पडद्यावर ती पसरट वाढ निळ्या उशीवर ठेवल्यासारखी वर येते. स्नायू खाली राहतो, पापुद्रा वर येतो, आणि मधल्या त्या दोन-चार मिलिमीटरच्या पाण्यात माणसाची सुरक्षितता असते.

निळा रंग शोभेसाठी नसतो. सैल थर तो शोषून घेतो, स्नायू घेत नाही. तुकडा कापून झाल्यावर त्या जागी सारखे निळे जाळे दिसले, तर काप योग्य थरातून गेला आहे. निळ्याच्या मध्यभागी पांढरी चकती दिसली, तर स्नायूला इजा झाली आहे, आणि आतड्याला भोक पडण्याआधी किंवा पडले असेल तर त्याच क्षणी ती जागा क्लिपांनी शिवल्यासारखी मिटवावी लागते. अशी चकती मी मोजक्या वेळा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळची मला आठवते.

फासाने वाढ काढली तर ती मोठी असल्यामुळे तुकड्यातुकड्यांनी निघते, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये किंवा कडेला एखादा कण राहून गेला की तेवढ्यातून पुन्हा उगवते. पहिल्या फेरतपासणीत पाच-सहा जणांमागे एकाकडे अशी फेरवाढ सापडायची. सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयातील मायकेल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की काढून झालेल्या जागेची सगळी कड फासाच्या टोकाने हलकेच शेकून घेतली, तर हे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर येते. किती साधी गोष्ट! नवे यंत्र नाही, नवा खर्च नाही. जो फास हातात आहे त्याचेच टोक एक मिलिमीटर बाहेर काढायचे आणि न कंटाळता पूर्ण कड फिरून यायचे. तेव्हापासून मी ते टोक बाहेर धरून ठेवते आणि सर घड्याळाच्या काट्यासारखे बारापासून बारापर्यंत जातात.

ज्या वाढीत कर्करोगाची सुरुवात झाली असावी अशी शंका असते, तिचे तुकडे करून चालत नाही, कारण तुकड्यांच्या ढिगातून रोग किती खोल गेला होता हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. ती अख्खी, एकसंध काढावी लागते. ही विद्या जपानची. तिथे जठराचा कर्करोग फार, म्हणून तो लवकर शोधण्याची आणि दुर्बिणीतून सोलून काढण्याची गरजही तिथेच आधी निर्माण झाली. १९९० च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात टोकाला सिरॅमिकचा गोळा असलेली सुरी त्यासाठी तयार झाली, म्हणजे कापताना टोक खाली रुतू नये. मोठ्या आतड्याची भिंत जठरापेक्षा कितीतरी पातळ, म्हणून तिथे हे तंत्र यायला वेळ लागला, आणि जपानच्या आरोग्य विम्यात आतड्यासाठी ते २०१२ मध्ये समाविष्ट झाले. आपल्याकडे जठरातील इतके लवकरचे रोग फारसे सापडत नाहीत, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना सोप्या जागी हात बसवून मग अवघड जागी जाण्याची ती पायरी मिळत नाही. प्राण्यांच्या जठरावर सराव करून, परदेशी जाऊन आणि गुरूंच्या शेजारी तासन्‌तास उभे राहून ते शिकतात.

बार्शीकडच्या एक निवृत्त शिक्षिका या पद्धतीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणत असू. दोन वर्षे त्यांना जुलाब होत होते आणि पाण्यासारखे चिकट पडत होते. तीनदा त्या गळून गेल्यामुळे रुग्णालयात दाखल झाल्या. दर वेळी पोटॅशियम खूप खाली गेलेले, मूत्रपिंडावर ताण आलेला, सलाइन लावले की बऱ्या व्हायच्या आणि घरी गेल्या की पुन्हा तेच. गुदाशयात पसरलेली मोठी, मखमली वाढ रात्रंदिवस क्षारयुक्त चिकट द्रव पाझरत राहते आणि माणसाला आतून सुकवते, हे मॅकिट्रिक आणि व्हीलॉक या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९५४ मध्येच लिहून ठेवले आहे. पण जुलाब म्हटले की आपण पोटात काय गेले ते विचारतो, आतून काय झिरपते आहे हे विचारत नाही. शिवाय अशी वाढ इतकी मऊ असते की बोटाने तपासतानाही निसटून जाते. शेवटी दुर्बीण झाली आणि आठ सेंटिमीटरांची वाढ दिसली. शस्त्रक्रियेत कदाचित पोटाला शौचाची पिशवी लावावी लागेल, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. आमच्या खोलीत आल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "सिस्टर, पिशवी लागणार असेल तर मला आत्ताच सांगा, मी घरी जाते."

सुदैवाने त्या वाढीला तोवर कोणी हात लावलेला नव्हता.

त्या दिवशी आम्ही सकाळी नऊला सुरुवात केली. आधी वाढीच्या कडेपासून थोडे अंतर राखून आतल्या थराला चीर द्यायची, मग त्या चिरेतून खाली शिरून सैल थर तंतू तंतू कापत पुढे सरकायचे. सुरीचे पाते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. वाटेत रक्तवाहिनी दिसली की ती आधी चिमट्यात धरून शेकायची आणि मगच कापायची, कारण एकदा रक्त आले की निळे-पांढरे सगळे लालात बुडून जाते. अर्धी वाढ सुटल्यावर सरांनी बाईंना कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला सांगितले. भूल दिलेल्या माणसाला नळ्या-तारांसकट वळवणे सोपे नसते, पण त्यामुळे सुटलेला भाग स्वतःच्याच वजनाने खाली लोंबू लागला आणि कापायची जागा आपोआप ताणली जाऊन उघडी पडली. तिसरा हात नसतो तिथे पृथ्वी तो हात देते. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी शेवटचा तंतू सुटला.

यानंतरचे काम माझे. बाहेर काढलेला तुकडा लगेच आकसतो, ओल्या फडक्यासारखा गुंडाळतो, आणि तसाच फॉर्मलिनमध्ये टाकला तर त्याची कड कुठली आणि तळ कुठला हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. म्हणून मी तो थर्मोकोलच्या पाटीवर पसरते. आतली बाजू वर, निळा तळ खाली. कड बोटाने न ओढता, चिमट्याने अलगद उलगडत न्यायची आणि दर काही मिलिमीटरवर बारीक टाचणी लावायची. फार ताणले तर फाटते, कमी ताणले तर दुमडते. चाळीसेक टाचण्या लागल्या. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, डोक्याकडची बाजू कुठली ते लिहिले, आणि ती पाटी उलटी करून फॉर्मलिनमध्ये तरंगत ठेवली. पॅथॉलॉजी विभागात त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप होतात. आठ दिवसांनी अहवाल आला: एका ठिकाणी पेशींमध्ये कर्करोगाच्या उंबरठ्यावरचे बदल, कर्करोग कुठेही नाही, सगळ्या कडा आणि तळ मोकळे. महिन्याभरात बाईंचे पोटॅशियम औषधांशिवाय जागेवर आले. नंतर त्या तपासणीला आल्या तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आल्या होत्या आणि एकट्या एसटीने आल्या होत्या.

आता माझ्या मामाबद्दल. तो फलटणचा, एसटीत वाहक होता. २०११ मध्ये, माझी या खोलीतली सुरुवातीची वर्षे चालू असताना, त्याची एका ठिकाणी दुर्बिणीने तपासणी झाली आणि उजव्या बाजूच्या आतड्यात साडेतीन सेंटिमीटरांची पसरट वाढ सापडली. तिचे आठ तुकडे तपासणीसाठी काढले गेले. अहवालात कर्करोग नव्हता. मग दोन आठवड्यांनी तिथेच ती फासाने काढण्याचा प्रयत्न झाला, एक भाग निघाला, रक्त आले आणि काम थांबवले गेले. हे सगळे मला कळले तेव्हा तीन महिने उलटले होते. मी हट्टाने त्याला पुण्याला आणले. मला खात्री होती, की आमच्याकडे होईल.

सुई मीच ढकलत होते. कडा उचलल्या, अगदी छान उचलल्या, आणि मधला भाग होता तिथेच राहिला. मी पाणी सोडत राहिले तशा बाजू आणखी फुगल्या आणि मध्य आणखी खोल गेल्यासारखा दिसू लागला. गोधडीला टाका घालतात तिथे सगळे थर एकमेकांना बांधले जातात आणि भोवतीचे कापड उठून येते, नेमके तसे. जखम भरताना त्या सैल थरात वण धरला होता आणि पापुद्रा स्नायूला शिवला गेला होता. १९९४ मध्ये जपानच्या उनो या डॉक्टरांनी नोंदवले होते, की पाणी सोडूनही वाढ उचलली गेली नाही तर आत खोल शिरलेल्या कर्करोगाची शंका घ्यावी, कारण कर्करोगही थरांना असाच खिळवतो. ही खूण फार मोलाची आहे. पण आधी तुकडे काढलेले असले, अर्धवट फास लावलेला असला, तर तीच खूण मुकी होते: मध्य चिकटला आहे तो वणामुळे की रोगामुळे, हे त्या घटकेला कोणालाच सांगता येत नाही. सरांनी तीन वेगवेगळ्या बाजूंनी प्रयत्न केला. मग त्यांनी फास माझ्या हातातून काढून ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "नाही. इथे मी भोक पाडीन."

मामाचे उजव्या बाजूचे आतडे आणि लहान आतड्याचा शेवटचा तुकडा शस्त्रक्रियेने काढला गेला. जखमेत पू झाला, त्यामुळे मुक्काम लांबला. शेवटच्या अहवालात कर्करोग कुठेच नव्हता. उरलेला साधा पॉलिप आणि त्याखाली वण, एवढेच. पुढे त्याला दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागे, लांबच्या फेऱ्या करणे जमेना, आणि नोकरीची शेवटची वर्षे त्याने आगारात बसून काढली. "अगं, जीव राहिला ना, मग झालं," असे तो मला दर दिवाळीला सांगतो. मला ते पुरत नाही. त्याच्या आतड्याचा तो भाग रोगाने गेला नाही. तो काढता येण्यासारखा होता आणि काढता येण्यासारखा राहू दिला गेला नाही. हीच वेळ आज आली असती तर चिकटलेला मध्य वीज न सोडता चिमट्याने खुडून, जागा शेकून कदाचित काम निभावले असते, किंवा भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा कापून त्याच वेळी क्लिपने बंद करणारे जर्मन उपकरण वापरता आले असते. तेव्हा आमच्याकडे यातले काही नव्हते.

म्हणूनच मला वाटते, की अशा वाढीवरचा पहिला उपचार म्हणजे तिला हात न लावणे हा आहे. नीट धुऊन घ्यावे, जवळून आणि लांबून फोटो काढावेत, जागा लिहून ठेवावी. जपानच्या कुडो यांनी वाढीच्या पृष्ठभागावरील छिद्रांची नक्षी पाहून ती साधी आहे की आत रोग शिरला आहे हे ओळखण्याची रीत घालून दिली. आता निळ्या-हिरव्या प्रकाशात तीच नक्षी बटण दाबताच उठून दिसते. नक्षी शाबूत असलेल्या वाढीचे आठ तुकडे काढून जे कळते, त्याहून अधिक त्या फोटोतून कळते. पुन्हा सापडावी म्हणून शाई टोचायची तर ती निदान तीन सेंटिमीटर लांब टोचावी, वाढीच्या खाली नव्हे, कारण शाईही त्याच सैल थरातून पसरते आणि वण धरते. आणि ज्याचा हात या कामावर बसलेला आहे त्याच्याकडे पाठवावे.

हे लिहिणे सोपे आहे, आणि गावातील डॉक्टरांची अडचण मी जाणते. नातेवाईक बाहेर उभे असतात. दुर्बीण घातली, पैसे भरले, मग तुकडा का नाही काढला, असे ते विचारतात. अहवालाच्या कागदाशिवाय पुढचे काहीच हलत नाही असे सगळ्यांना वाटते, आणि ‘मी पाहिले पण हात लावला नाही’ हे वाक्य आपल्याकडे कौशल्याचे न वाटता भित्रेपणाचे वाटते. शल्यविशारदांबद्दलही माझी काही तक्रार नाही. रोग सैल थरात एक मिलिमीटरहून खोल गेला असेल, तर तो लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याची भीती वाढते आणि तिथे शस्त्रक्रियाच योग्य ठरते. पण ज्यात कर्करोग नाही अशा पॉलिपसाठी अमेरिकेत झालेल्या हजारो शस्त्रक्रियांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण हजारात सात होते आणि दर सात जणांमागे एकाला मोठी गुंतागुंत झाली होती. सातांमागे गुंतागुंत झालेला जो एक, तो मामा म्हणता येईल.

गेल्या पावसाळ्यात लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून सत्तेचाळीस वर्षांचा एक शेतकरी आमच्याकडे आला. सोबत तिथल्या तरुण डॉक्टरांचे पत्र होते. आडव्या आतड्यात साडेचार सेंटिमीटरांची पसरट वाढ. चार फोटो, दोन साध्या प्रकाशातले आणि दोन निळ्या-हिरव्या. शाई वाढीच्या तीन सेंटिमीटर अलीकडे टोचलेली. खाली एक ओळ वेगळी लिहिलेली होती: ‘बायोप्सी घेतलेली नाही.’ सरांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि पत्र माझ्याकडे दिले. रुग्णाचा मोठा भाऊ बाहेर अस्वस्थ होता. गावात त्याचे त्या डॉक्टरांशी चांगलेच वाजले होते. तुकडा काढायची हिंमत नाही तर दुर्बीण घातलीच कशाला, असे तो त्यांना तोंडावर बोलून आला होता, आणि आमच्याकडेही त्याने तेच गाऱ्हाणे सांगितले.

मी मुठीवर रेघ मारली. सर आत गेले, धुतले, पाहिले, पुन्हा पाहिले. "सोडा," म्हणाले. मी पाणी सोडले. पहिल्या पाच मिलिलिटरमध्येच एक कड वर आली, मग दुसऱ्या बाजूने सुई घातली तशी दुसरी, आणि मग मध्य, कुठेही न अडता, एकसारखा, अख्खा. खोलीत कोणी काही बोलले नाही. नक्षीत शंकेला जागा नव्हती, म्हणून फासानेच काढायचे ठरले. सहा तुकडे, प्रत्येक वेळी माझा अंगठा रेघेजवळ, प्रत्येक वेळी खाली निळे जाळे. कड शेकून झाली, चार क्लिपा लावल्या. पन्नास मिनिटे लागली.

हात धुतल्यावर सरांनी मला त्या डॉक्टरांना फोन करायला सांगितले. पलीकडून आधी रुग्ण कसा आहे हे विचारले गेले आणि मग थोडे थांबून, "सिस्टर, उचलली का?"

"सगळी उचलली, डॉक्टर. पूर्ण निघाली."

ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचा भाऊ बाहेर असेल. त्यांना जरा फोन द्याल का?"

मी बाहेर गेले. तो बाकावर दोन्ही हातांत टोपी धरून बसला होता. मी त्याला म्हटले, "काम झालं दादा, व्यवस्थित झालं. तुमच्या गावचे डॉक्टर बोलताहेत," आणि फोन त्याच्या हातात दिला.